बिनअक्षरांची बटणं

मटाई फ्लॅट गावच्या कृषी प्रदर्शनाच्या कचेरीत नोलीन टॅपर संगणकाकडे नापसंतीने बघत बसली होती. पडद्यावर तीन बटणं होती. 'पहिला' हे बटण निळं, 'दुसरा' लाल आणि 'तिसरा' पांढरं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने असा उफराटा प्रकार पाहिला नव्हता. न्यूझीलंडमध्ये पहिल्याला लाल कार्ड मिळतं, दुसऱ्याला निळं आणि तिसऱ्याला पिवळं. मग तो मेंढा असो, लोणचं असो, की शाळेतल्या मुलांनी बटाट्याला काड्या टोचून केलेलं हरीण असो.

पण निकाल नोंदवायचा हा प्रोग्राम समितीने ऑस्ट्रेलियातून आणला होता, स्वस्त पडला म्हणून. आणि तिकडे निळा पहिला असतो, लाल दुसरा. आदल्या वर्षी आमच्या परीक्षकांनी अक्षरं न वाचता सवयीने लाल बटण दाबलं आणि तीन निकाल उलटे लागले. एका मेंढ्याच्या मालकाने तेव्हा अध्यक्षांशी बोलणं टाकलं होतं, ते अजून सुरू झालेलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणजे अ‍ॅलिस्टर मकिनली. वय अठ्ठावन्न, अंगाने दरवाजाएवढा. पण लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत नोलीनच्या हाताखाली होता, त्यामुळे तिला नावाने हाक मारायचं धाडस त्याला अजून झालं नव्हतं. तो दारात उभा राहून टोपी हातात फिरवत होता.

"मिसेस टॅपर, यंदा तेवढे रंग बदला. बदलता येतात म्हणे, सेटिंगमध्ये."

"तुला येतात का बदलता?"

"मला मेंढ्या येतात," अ‍ॅलिस्टर म्हणाला आणि निघून गेला.

एकेकाळी हे सगळं बुटांच्या तीन खोक्यांत मावत असे. एका खोक्यात लाल कार्डं, एकात निळी, एकात पिवळी. परीक्षकबाई टेबलामागून हळूहळू फिरायच्या, केकचा कण जिभेवर ठेवून छताकडे बघायच्या आणि मग नुसतं बोट दाखवायच्या. मागून चालणारी मदतनीस त्या ताटलीपुढे कार्ड ठेवायची. कार्डावर नाव घालायला मिस कथबर्ट होत्या, त्यांचं अक्षर असं होतं, की लोक तिसऱ्या बक्षिसाचं कार्डसुद्धा काचेत बसवून घ्यायचे. त्या पद्धतीत चूक व्हायला जागा नव्हती, कारण बोटाला रंग नसतो. पण मिस कथबर्ट गेल्या, खोकी उंदरांनी खाल्ली आणि समितीला नव्या काळाबरोबर जायची घाई झाली.

नोलीनने सेटिंग उघडलं. 'रूप आणि रंग' अशा नावाच्या कप्प्यात बटणांची यादी होती. एकेका बटणावर टिचकी मारली की रंगांची पेटी उघडायची. तिने 'पहिला' लाल केलं, 'दुसरा' निळं केलं, 'तिसरा' पिवळं केलं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. ती तिथेच उठली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पुढे कितीतरी दिवस तिला त्या दहाव्या मिनिटाची आठवण यायची. तेव्हा चहाचं आधण ठेवायला उठायचं तिच्या मनातही आलं होतं.

पण पेटीत लाल रंगाच्याच चाळीस छटा होत्या. नोलीनने आयुष्यभर खिडकीच्या पडद्याचं कापड निवडायला दोन दोन आठवडे लावले होते. तिला पहिली छटा पसंत पडणं शक्य नव्हतं. तिने बीटाचा लाल घेतला, मग रासबेरीचा, मग पुन्हा बीटाचा. लाल ठरल्यावर मागची करडी पाटी उदास वाटायला लागली, म्हणून ती समितीवाले प्रदर्शनात घालतात त्या कोटाच्या हिरव्या रंगाची केली. हिरव्यावर वरच्या पट्टीचा काळा रंग सुतकी दिसायला लागला, तो जांभळा झाला. बटणांचे कोपरे गोल करता येतात हे तिला तिसऱ्या दिवशी सापडलं आणि त्या दिवशी तिने पोस्टातल्या बाईलाही ते जाऊन सांगितलं. चौथ्या दिवशी 'जतन करा' आणि 'पुसून टाका' ही दोन्ही बटणं तिने एकाच मऊ गुलाबी रंगात जुळी करून टाकली आणि अर्ध्या तासात लोणच्यांचा अख्खा विभाग पुसला गेला. एकशे बारा बरण्या तिने परत टाइप केल्या. यातून माणसाने काही शिकावं, पण ती एवढंच शिकली की गुलाबी रंग दोन ठिकाणी वापरू नये.

राहता राहिली अक्षरं. लाल बटणावरची काळी अक्षरं तिला अपघाताच्या पाटीसारखी दिसत होती. यादीच्या तळाशी एक खूण करायची चौकट होती, 'अक्षरं बटणाच्या रंगाशी जुळवा'. जुळवणं हा शब्द नोलीनला आवडणाराच होता. तिने खूण केली, आणि तिन्ही बटणांवरची अक्षरं नाहीशी झाली. लालावर लाल, निळ्यावर निळं, पिवळ्यावर पिवळं.

ती क्षणभर दचकली. मग तिने मान मागे घेऊन पाहिलं. हिरव्या पाटीवर तीन गोल बटणं, चघळायच्या गोळ्यांसारखी. अक्षरांची खरं तर गरज काय होती? लाल म्हणजे पहिला हे इथे पाळण्यातल्या मुलालाही कळतं. अ‍ॅलिस्टरनेही येऊन पाहिलं आणि फार स्वच्छ झालं म्हणाला.

तेवढ्यात वाल्मा हँडकॉक काठी टेकत आत आली, स्पंज केकचा प्रवेशअर्ज द्यायला.

वाल्मा मूळची ऑस्ट्रेलियाची, क्वीन्सलंडची. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या डेसशी लग्न करून तेविसाव्या वर्षी ती मटाई फ्लॅटला आली, आणि दुसऱ्याच वर्षीपासून प्रदर्शनात स्पंज ठेवायला लागली. त्या वर्षी नोलीन पहिली आली आणि वाल्मा दुसरी. पुढे चाळीसएक वर्षं हेच चाललं. दोनदा वाल्माला पिवळं कार्ड मिळालं. एरवी निळं, कायम निळं. दोघींच्या मैत्रीच्या आड हे कधी आलं नाही. एकमेकींची बाळंतपणं, नवऱ्यांची आजारपणं, शेवटी नवऱ्यांचे अंत्यसंस्कार, सगळं दोघींनी मिळून काढलं होतं. फक्त मार्चचा पहिला शनिवार जवळ आला, की दोघी आठवडाभर एकमेकींच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या नाहीत. आणि प्रदर्शन संपलं की वाल्मा कचेरीत येऊन एक जाड पुठ्ठ्याचं पाकीट मागून न्यायची. कशाला, ते नोलीनने कधी विचारलं नाही. पुढे तिला याचंही वाईट वाटलं.

"यंदाचा शेवटचा," वाल्मा अर्ज टेबलावर ठेवत म्हणाली. "गुडघे संपले. आयव्हीकडे जाते आहे कायमची. प्रदर्शन झालं की मंगळवारचं विमान आहे."

आयव्ही ही तिची थोरली बहीण, क्वीन्सलंडला असते, हे नोलीनला ठाऊक होतं. वाल्मा जाणार हेही महिनाभर गावात बोललं जात होतं. तरी तिच्या तोंडून ऐकल्यावर नोलीनने घाईने पडदा वाल्माकडे वळवला.

"बघ तरी, किती छान केलंय."

वाल्माने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "तुझ्या न्हाणीघरासारखं दिसतंय," ती म्हणाली. "आणि लिहिलंय कुठे, कुठला कितवा ते?"

"लिहायला कशाला हवं? सगळ्यांना माहीत आहे."

"हो," वाल्मा म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना माहीत असतंच."

त्या आठवड्यात नोलीनचा स्पंज बिघडला. पीठ चाळताना तिच्या डोक्यात जांभळी पट्टी होती, ओव्हनमधून काढायची वेळ तीन मिनिटं हुकली, आणि केक एका बाजूने असा बसला की ताटली तिरकी ठेवल्यासारखं वाटावं. दुसरा करायला अंडी उरली नव्हती. तिने तोच उचलला आणि मनात म्हटलं, बरंच झालं. जाता जाता वाल्माला एकदा लाल कार्ड मिळालं तर आपलं काय जातं. हा विचार तिला फार चांगला वाटला आणि ती तो दोन दिवस जवळ बाळगून होती.

शुक्रवारी संध्याकाळी दुसरी बातमी आली. दरवर्षी गोर गावाहून येणाऱ्या परीक्षकबाईंचा हात मोडला होता. अ‍ॅलिस्टरने बरीच धावपळ करून एका बाईंना उभं केलं. त्या आपल्या चुलतबहिणीकडे पंधरा दिवस पाहुण्या आलेल्या होत्या आणि तिकडे मोठमोठ्या प्रदर्शनांत केक तपासण्यात त्यांची हयात गेली होती.

"तिकडे म्हणजे कुठे?" नोलीनने विचारायला हवं होतं. पण ती टेबलक्लॉथ मोजत होती.

शनिवारी सकाळी निकालाच्या वेळी हॉलचं दार बंद झालं. स्पर्धकाने आत थांबायचं नाही हा नियम, आणि नोलीन स्पर्धक होती, म्हणून ती कचेरीत बसून राहिली. परीक्षकबाईंच्या हातात टॅब होता. दुपारी बाराच्या सुमाराला कचेरीतलं यंत्र खडखडलं आणि केकविभागाचा कागद बाहेर आला. स्पंज: पहिला, नोलीन टॅपर. दुसरा, वाल्मा हँडकॉक.

नोलीनने कागद दोनदा वाचला. तो तिरका केक तिच्या डोळ्यांसमोर होता. काहीतरी चुकलं आहे, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि थोडंसं कळलंही होतं. पण त्याआधी, अगदी आधी, तिला आनंद झाला. ते अर्धं मिनिट ती पुढे कधी विसरू शकली नाही.

दारं उघडली तेव्हा कार्डं लागलेली होती. नोलीनच्या बसक्या केकपुढे लाल. वाल्माच्या केकपुढे निळं. आणि तो केक असा उभा होता, की त्यावर बोट ठेवलं तर केकची क्षमा मागावी लागेल. लोक येऊन दोन्ही केक बघत होते, नोलीनकडे बघत होते आणि मधाच्या बरण्यांकडे वळत होते. अ‍ॅलिस्टरने तिच्या हातात चांदीचा कप दिला. तिने तो घेतला. टाळ्या वाजवणाऱ्यांत वाल्मा पहिल्या रांगेत होती, काठी काखेत धरून.

चहाच्या तंबूत परीक्षकबाई एका स्कोनच्या पावाला लोणी लावत बसल्या होत्या. नाव ग्लेनिस ट्रेगोवन, चेहरा गोड, नजर कडक. नोलीनने त्यांना चहात घालायला दूध दिलं आणि प्रवास कसा झाला विचारलं.

"छान झाला. मेलबर्नहून थेट विमान," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "आणि तुमच्याकडचा तो स्पंज. बाई, मी तीस वर्षं हेच करते आहे, पण असा हात पाहिला नाही. त्या केकची बाई कोण हो? मला भेटायचंय तिला."

"कुठला केक?" नोलीनने विचारलं. दुधाचं भांडं तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.

"निळ्या कार्डाचा, दुसरा कुठला? लालवालाही ठीक होता. जरा बसला होता, पण चवीला बरा. बाकी कुणाचा बक्षिसाजोगा नव्हताच, म्हणून त्यालाच लाल दिलं." त्यांनी स्कोनचा तुकडा तोंडात टाकला. "एक सांगू, रागावू नका. तुमच्या त्या बटणांवर लिहिलेलं काहीच नव्हतं. पण रंग बघितले आणि म्हटलं, लिहायला कशाला हवं, सगळ्यांना माहीत असतं."

नोलीनने भांडं खाली ठेवलं. प्रोग्रामवर मुळात होते तेच रंग राहिले असते, तर या बाईने निळं बटण दाबलं असतं आणि वाल्मा पहिली आली असती. नोलीनने फक्त रंग बदलून अक्षरं तशीच ठेवली असती, तरी वाल्मा पहिली आली असती. दोन्ही मिळून करणारी बाई शंभर वर्षांत एकच निघाली होती.

तिने अ‍ॅलिस्टरला मेंढ्यांच्या कुंपणाआड गाठलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकताना खाली खाली बघत गेला.

"मिसेस टॅपर, कप दिलाय. फोटो काढलाय. गेल्या वर्षीचा मेंढ्याचा मालक आत्ताच कुठे माझ्याकडे बघून मान हलवायला लागलाय." त्याने आवाज उतरवला. "आता निकाल बदलला तर लोक चाळीस वर्षांचे निकाल उकरतील. आणि मिसेस हँडकॉक मंगळवारी जाणारच आहेत."

"म्हणून तर," नोलीन म्हणाली.

रविवारी दुपारी लाल कार्ड आणि कप पिशवीत घालून ती वाल्माकडे गेली. वाल्माचं घर रिकामं झालं होतं. भिंतींवर जिथे जिथे चित्रं होती, तिथे फिकट चौकोन राहिले होते. बसायला दोन खुर्च्या आणि टेबलाऐवजी एक लाकडी चहाची पेटी. उरलेला स्पंज पेटीवर होता, आणि वाल्माने तिला न विचारता एक तुकडा कापून दिला. नोलीनने तो खाल्ला. तिने आयुष्यात केलेल्या कुठल्याही केकपेक्षा तो चांगला होता. असा तो किती वर्षं होत होता, हे मात्र आता कळायला मार्ग नव्हता.

मग तिने सांगायला सुरुवात केली. बीटाचा लाल, रासबेरीचा लाल, हिरवी पाटी, जांभळी पट्टी, ती चौकट, ग्लेनिसबाई, सगळं. आपल्याला आनंद झाला होता, हेही सांगितलं. शेवटी तिने लाल कार्ड पेटीवर ठेवलं.

"हे तुझं आहे. कपही तुझा. कार्डावर नाव मी नवं घालून देते."

वाल्मा कार्डाकडे बघत राहिली. तिचे खांदे हलायला लागले, तेव्हा नोलीनला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती, आणि हसता हसता तिने कार्ड काठीच्या टोकाने नोलीनकडे ढकललं.

"हे मला नको. घेऊन जा, बाई. लाल कार्ड घेऊन मी आयव्हीच्या दारात उभी राहू? शेवटच्या वर्षी घसरले म्हणून सांगू?"

"पहिली आलीस तर घसरलीस कशी?" नोलीनने विचारलं.

"मी पहिलं निळं कार्ड आईला पाठवलं," वाल्मा म्हणाली. "चोवीस वर्षांची होते. घरची आठवण यायची, वाटलं तिला दाखवावं, दुसरी आले म्हणून. तिचं उलट पत्र आलं, सगळ्या गल्लीला चहा पाजला म्हणून. निळं म्हणजे तिच्या लेखी पहिलंच ना. कार्डावर बारीक अक्षरात दुसरा लिहिलेलं होतं, पण रंग बघितल्यावर वाचतंय कोण? खरं कळवायला बसले, तीन कागद फाडले, मग राहून गेलं. पुढच्या वर्षी परत निळं आलं, तेही पाठवलं."

"ती पाकिटं," नोलीन म्हणाली.

"ती पाकिटं. पिवळं मिळालं त्या दोन वर्षी कळवलं, यंदा ओव्हन बिघडला. आई गेल्यावर आयव्हीने सगळी कार्डं आपल्या दिवाणखान्यात लावली आहेत, एकावर एक, काच घालून. तिच्या गल्लीत माझं नाव आहे. मी आले की बायकांना शिकवणार, असं तिने परस्पर ठरवून टाकलंय."

"मग तुला लाल कधीच नको होतं?"

वाल्माने खिडकीबाहेर पाहिलं. डेसची गाडी जिथे उभी असायची तिथे गवत वाढलं होतं.

"पहिली वीस वर्षं फार हवं होतं," ती म्हणाली. "तुझ्या मागे उभं राहून टाळ्या वाजवताना दर वेळी हवं होतं. घरी येऊन डेसवर चिडायचे. मग कधीतरी थांबलं ते. कधी, ते आठवत नाही."

मग वाल्माने पर्समधून यंदाचं निळं कार्ड काढलं आणि बाही फिरवून ते पुसलं.

"चाळीस वर्षं मी त्यांना खोटं पाठवलं, नोलीन. एवढं एकच कार्ड खरं आहे. परीक्षकबाईने निळं बटण दाबलं ते मला पहिलं द्यायला, आणि मी ते निळ्याच्या गावाला घेऊन चालले आहे. तुझ्या त्या न्हाणीघराने केलं हे. आता त्यात परत काही बदलू नकोस."

मंगळवारी नोलीनने तिला इन्व्हरकार्गिलच्या विमानतळावर सोडलं. कार्ड जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात होतं, आणि ते पाकीट कचेरीतून या वेळी नोलीननेच आणलं होतं. आत जाताना वाल्माने मागे वळून काठी उंचावली. चाळीस वर्षं एकमेकींना काय विचारायचं राहिलं, याची यादी नोलीनला परतीच्या रस्त्यावर सुचत गेली.

कचेरीत येऊन तिने अक्षरांच्या चौकटीतली खूण काढली. लाल बटणावर काळ्या अक्षरात 'पहिला' असं परत उमटलं, अपघाताच्या पाटीसारखं. ते तिने तसंच राहू दिलं. हिरवी पाटी आणि जांभळी पट्टी मात्र मूळच्या नेमक्या कुठल्या छटेच्या होत्या हे तिला सापडलं नाही. त्या अजून तशाच आहेत, आणि नवे परीक्षक आले की डोळे चोळतात. चांदीचा कप आमच्या हॉलच्या कपाटात आहे, त्यावर नोलीनचं नाव आहे. पुढच्या वर्षी तिने स्पंज ठेवला नाही. ओव्हन बिघडला आहे, असं ती सगळ्यांना सांगत होती.

लाल कार्ड तिने फाडलं नाही. घरच्या खणात, बाकीच्या सगळ्या लाल कार्डांच्या वर, ते पालथं ठेवलेलं आहे. पाठीवर तिने पेन्सिलीने, मिस कथबर्टसारखं जमेल तितकं वळणदार, लिहिलं आहे: दुसरा.